करप्याचा सल्ला बोरिवलीत

मी मंडणगड तालुक्यात कृषी सहायक आहे. भातावर करपा रोग दिसला की सहा वर्षं गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सल्ला टाकत आलो.

यंदा रुजू झालेल्या माझ्या सहकारी स्नेहाने घरोघर जाऊन विचारलं, सल्ला पोचतो का. ग्रुपवर सातबाऱ्यावरच्या पुरुषांचे नंबर होते आणि ते पुरुष मुंबईत. तिने शेतात राबणाऱ्या बायकांचे नंबर जोडले.

आज सभेला बायकांनी अंगण भरलं. सुनंदाकाकी मला म्हणाल्या, "काय ओ साहेब, तुमचा मेसेज आमच्या ह्यांना बोरिवलीत मिळायचा. ते बोलायचे, माणूस लिवतो मस्त."

सगळ्या हसल्या. स्नेहाही.

यंदा करपा वेळेत आवरला, याचा आनंद व्हायला हवा. मला मात्र वाटत राहतं, स्नेहाचा तो साधा प्रश्न माझा असायला हवा होता. तुम्हाला अशा वेळी आधी काय वाटतं, आनंद की हेवा?