सतरा खांबांची लाइन

धोंडबा मेश्राम खांबावर चढलेला असला की खालून जाणारे लोक त्याला पाहत, पण ओळखत नसत. खाली उतरला की म्हणत, "लाइनमन आला." पंचवीस वर्षं त्यानं नागपूरच्या गल्ल्यागल्ल्यांत फोन जिवंत केले. सदर बाजारातल्या दुकानदारांचे केले, वकिलांचे केले, डॉक्टरांचे केले. ज्या घरात त्याच्यासाठी वेगळा गिलास काढत, त्या घरातलाही फोन त्यानं तितक्याच इमानानं जोडला. पाणी मात्र घेतलं नाही. घशाला कोरड पडलेली असली तरी "पिऊन आलो जी" म्हणायचा आणि शिडी उचलायचा.

छप्पनच्या दसऱ्याला तो एकोणीस वर्षांचा होता. आईबापाबरोबर त्यानं धम्म घेतला आणि कोणापुढे मान खाली घालायची नाही, एवढं मनाशी पक्कं केलं. चांगलंच केलं. पण मान ताठ ठेवायची सवय लागली की ती कुठं ताठ ठेवायची आणि कुठं नाही, हे माणूस विसरतो. धोंडबा स्वतःच्या लेकीपुढं विसरला.

पुष्पलता त्याची एकुलती एक. नर्सिंग शिकली, ब्याऐंशी साली भिलाईला दवाखान्यात लागली आणि सहा महिन्यांत तिथल्याच एका छत्तीसगढी मुलाशी तिनं रजिस्टर लग्न केलं. घरी पत्र आलं ते लग्न उरकल्यावर. वस्तीच्या सभेत जात मोडायची तर लग्नं जातीबाहेरच करा, असं सगळ्यात मोठ्यानं बोलणारा माणूस हाच. म्हणून बायकोनं, कौसल्येनं, त्याला तोंडावर विचारलं, "मग आता काहून भडकले? सभेत त लई टाळ्या घेत होते."

"जातीचं नाही वं," धोंडबा ओरडला. "मले विचारलं नाही तिनं. मी काय मेलो होतो?"

हे खरं होतं. पण वस्तीत कोणी खरं मानलं नाही, आणि त्यामुळं तो आणखीच चिडला. त्या रागात, पुष्पा नवऱ्याला घेऊन दारात उभी राहिली तेव्हा तो उंबऱ्यातून हलला नाही. "आली तशी जा. हे घर विसर," एवढंच म्हणाला. तीही त्याचीच लेक. तांब्याभर पाणीसुद्धा मागितलं नाही. रिक्षा उभीच होती. त्याच रिक्षानं दोघं स्टेशनावर गेली.

त्याला तीन वर्षं झाली.

आईला पत्रं येत. कौसल्या जुळवून जुळवून वाचायची, मुद्दाम मोठ्यानं. धोंडबा त्या वेळी पायातल्या बुटाला तेल लावत बसायचा. एकदा पत्रात आलं की आता वॉर्डात फोन आहे, रविवारी सकाळी काम कमी असतं. धोंडबाचा तेलाचा हात थांबला. पुढच्याच आठवड्यात त्यानं घरी फोन मिळावा म्हणून अर्ज टाकला. बायकोला सांगितलं नाही.

फोन तर त्याच्या कमरेलाच लटकलेला असे. लाइनमनचा टेस्टिंगचा फोन, दोन चिमटे असलेला. चिमटे तारेला लावले की झाला फोन. शहरातल्या कुठल्याही खांबावरून त्याला भिलाई मागता आली असती. पण एक तर दुसऱ्याच्या लाइनवर स्वतःचं बोलणं ही चोरी, आणि चोरी त्यानं कधी केली नव्हती. दुसरं, फोन तिनं करायला पाहिजे होता. बापानं का करायचा? दिवसभर चिमटे लावून लावून त्याच्या कानात लोकांच्या घरचे तुकडे पडत. "आई, पोचले गं." "बाबा, गोळी घेतली का?" असं काही कानी आलं की लगेच चिमटा काढायचा नियम होता. धोंडबाही काढायचा. फक्त 'बाबा' ऐकू आलं की त्याचा हात जरा उशिरा उठायचा.

अर्जाला उत्तर आलं: लाइन देणं शक्य नाही. धोंडबाचं घर प्रताप नगरच्या पलीकडं, लेआउटचे दगड संपून तुरीची शेतं लागत तिथल्या वस्तीत. टेलिफोनच्या तारांची सगळ्यात जवळची पेटी होती ती प्रताप नगरात. तिथून त्याच्या दारापर्यंत सतरा खांब लागत होते. एका घरासाठी सतरा खांब कोण रोवतो? त्यानं साहेबांपुढं पाय आपटले नाहीत की हात जोडले नाहीत. वस्तीतल्या शाळेसाठी एक, दवाखान्यासाठी एक आणि किराणा दुकानासाठी एक, असे तीन अर्ज आणखी लिहून घेतले आणि चारही एकत्र टाचून दिले. "आता चार घरं झाली साहेब. आता सांगा नाही म्हणून." पंच्याऐंशीच्या पावसाळ्यानंतर मंजुरी आली.

खांब रोवायला तो स्वतः गँगबरोबर उभा राहिला. नऊ खांब गेले. दहावा यायचा होता मनोहररावांच्या बंगल्यासमोर. मनोहरराव कंत्राटदार; नव्या लेआउटमधलं पहिलं दुमजली घर त्यांचं.

"फाटकासमोर खांब नको," ते म्हणाले.

"फाटकासमोर नाही जी, बाजूले आहे. रस्त्यावर आहे."

"माझ्या घरातून बाहेर पडलं की पहिला खांब दिसणार. अपशकुन आहे. तिकडून न्या ना, नाल्याच्या बाजूनं."

"नाल्यानं आणखी सहा खांब लागतात. रस्ता काय तुमच्या बापाचा आहे?"

झालं. मनोहररावांनी वर तक्रार केली आणि काम थांबलं. दोन महिने आठ खांब रस्त्याच्या कडेला आडवे पडून राहिले. बकऱ्या त्यांवर चढून बसत. धोंडबा जाता-येता त्यांच्याकडं पाहायचा आणि मनोहररावांना मनातल्या मनात काय काय म्हणायचा, ते इथं लिहिण्यासारखं नाही.

एका संध्याकाळी कौसल्या म्हणाली, "जा नं त्याच्या घरी."

"मी? त्याच्या दारात?"

"तुमच्या तोंडानं थांबलं काम. तुमच्याच तोंडानं सुरू होईन. मले काय, मी पत्रावर जगून राहिली. तुम्ही कशावर जगून राहिले ते सांगा."

धोंडबा बुटाला तेल लावायला बसला. दुसऱ्या दिवशी ड्यूटीवरून येताना सायकल मनोहररावांच्या फाटकाला टेकवली. ते झुल्यावर बसले होते.

"भांडायला आलास का मेश्राम?"

"नाही जी." धोंडबानं टोपी काढली, पुन्हा घातली. "पोरीचा फोन यायचा आहे. तीन वर्षं झाली तिचा आवाज ऐकून."

मनोहररावांनी झुला पायानं थांबवला. "कुठं असते?"

"भिलाईले. नर्स आहे."

"मग हे आधी सांगायचं ना. बाप काढायच्या आधी." मग म्हणाले, "चार हात तिकडं सरकव खांब. तेवढं तरी माझं ऐक."

"सरकवतो."

परक्या माणसाच्या दारात जे त्याला साधलं, ते स्वतःच्या लेकीला दोन ओळी लिहून साधलं असतं. पण ते त्याच्या ध्यानात आलं नाही. किंवा आलं असेल, आणि त्यानं येऊ दिलं नसेल.

पौषात फोन लागला. काळा, जड, चकतीचा. कौसल्येनं पेटीवर धुतलेली चादर घालून त्यावर ठेवला. धोंडबा म्हणाला, "नंबर लिहून टाक तिले. मी सांगितलं असं लिहू नको."

"मग काय लिहू? नंबर आभाळातून पडला म्हणून?"

"तुयं तू पाहून घे."

आता त्याला एकच काळजी लागली. लाइन लांब होती. सतरा खांब, तेवढेच जोड. आणि जोड जितके जास्त तितका आवाज कमी, हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक? वारा आला की तार खाली येते, दवानं जोड गंजतो. भिलाईहून निघालेला आवाज इथपर्यंत येता येता किती उरेल? तिनं तीन वर्षांनी 'बाबा' म्हणावं आणि आपल्याला नुसती खरखर ऐकू यावी, या भीतीनं त्याला चैन पडेना. ड्यूटीच्या दिवशी सवड नसायची. म्हणून दर रविवारी सकाळी, ती मोकळी असते त्या वेळी लाइन साफ असावी म्हणून, तो कमरेला पट्टा बांधून निघायचा. पहिल्या खांबापासून सतराव्यापर्यंत. प्रत्येकावर चढायचा, जोड घासायचा, चिमटे लावून कानाला फोन धरायचा आणि तो सरळ, लांब, गुणगुणणारा आवाज मन भरेपर्यंत ऐकत राहायचा. साफ आहे. पुढचा खांब. घरी यायला बारा वाजत.

"आला का?" दारातूनच विचारायचा.

"नाही."

असे चार रविवार गेले. चौथ्या रविवारी तो जेवला नाही. "अकड आहे तिच्यात," म्हणाला. "कोणाची घेतली कोण जाणे."

"कोण जाणे," कौसल्या म्हणाली आणि ताट उचललं.

सोमवारी कामावर असताना, एक लाइन तपासायला त्याला बाहेरगावचे कॉल जोडणाऱ्या ट्रंक एक्स्चेंजला विचारावं लागलं. तिकडं ऑपरेटर शोभाताई होत्या. बारा वर्षं दोघं एकमेकांना आवाजावर ओळखत. समोरासमोर कधी भेटले नव्हते. काम झाल्यावर त्या म्हणाल्या, "मेश्रामजी, एक विचारू? तुमच्या घरी रविवारी एवढं बोलतं कोण?"

"कोणी नाही. काहून?"

"भिलाईहून कॉल येतो तुमच्या नंबरावर. तीन रविवार मीच होते ड्यूटीवर. साडेनऊपासून लावत होते, जेव्हा पाहावं तेव्हा एंगेज. शेवटी तिकडून रद्द करतात. काल तर आलाच नाही."

धोंडबा खांबावर होता. त्यानं खांब घट्ट धरला. लाइनला चिमटे लावून कानाला फोन धरला की ती लाइन एंगेज होते, हे खात्यात लागलेल्या मजुराला पहिल्या आठवड्यात शिकवतात. त्यानं स्वतः किती पोरांना शिकवलं होतं. लोकांच्या लाइनवर तो याच कारणानं अर्ध्या मिनिटात चिमटा काढायचा. स्वतःच्या लाइनवर मात्र तासन्‌तास लटकून बसला होता.

"कोणासाठी मागितला होता?" त्यानं विचारलं. "आईसाठी असन."

"छे, तुमच्यासाठी. नाव घालूनच मागितला होता, तिन्ही वेळा. दुसरं कोणी उचललं तर नको, असा. धोंडबा मेश्राम."

शोभाताईंना वाटलं लाइन तुटली. "मेश्रामजी?"

"हाव."

"रागावून रिसीव्हर काढून ठेवता का हो तुम्ही? कारण तिकडून ती मुलगी तसंच म्हणाली ऑपरेटरला. राहू द्या म्हणाली, त्यांनी काढून ठेवला असेल."

त्या दिवशी धोंडबा पुढच्या खांबावर चढला नाही. पोटात दुखतं म्हणून सांगितलं आणि सायकल दामटत घरी आला. कौसल्या गहू निवडत होती. त्यानं पट्टा काढला, हात धुतले, फोनसमोर बसला आणि ट्रंक कॉल बुक केला. नाव घालून. पुष्पलता.

"तुम्ही करून राहिले?" कौसल्या सूप तसंच धरून उभी राहिली.

"मंग कोण करीन?"

पाऊण तास दोघं फोनसमोर बसले. घंटी वाजली तेव्हा धोंडबाचा हात लगेच उठला नाही; कौसल्येनं कोपरानं ढोसलं तेव्हा उठला.

"बोला, भिलाई आहे," शोभाताई म्हणाल्या आणि बाजूला झाल्या.

"हॅलो, कोण?" खूप दुरून. विहिरीच्या तळातून यावा तसा. पण तिचाच.

धोंडबानं वाटेत सायकलवर सगळं जुळवलं होतं. तोंडातून निघालं ते पंचवीस वर्षांच्या सवयीचं. "लाइनमन मेश्राम बोलून राहिलो. आवाज येते का?"

मग, "बाबा?"

"हाव."

"तुम्ही फोन काढून ठेवत होते ना?"

"नाही वं माय! खांबावर होतो मी. तुयाच फोनसाठी. जोड घासून राहिलो होतो."

"काय? ऐकू नाही येत. काय घासत होते?"

"जोड! लाइनचे!"

"काय?"

कौसल्या हसता हसता डोळे पुसू लागली. धोंडबानं रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला. वॉर्डात कोणीतरी भांडं पाडलं ते ऐकू आलं. कोणी 'सिस्टर' म्हणून हाक मारली. तिचं सगळं आयुष्य तिकडं चाललं होतं, त्याच्याशिवाय, आणि त्याचा एवढासा तुकडा तारेतून येत होता.

"पुष्पे, कधी येशीन?"

"काय म्हणाले?"

एवढं बोलायला त्याला तीन वर्षं लागली होती, आणि ते वाटेतच कुठंतरी सांडलं. पुन्हा म्हणणं जास्त जड होतं. त्यानं पुन्हा म्हटलं. "घरी कधी येशीन? दोघंही या."

"बाबा, जरा मोठ्यानं."

मग धोंडबा उभा राहिला आणि असा ओरडला की बाहेर नळावर उभ्या असलेल्या बायांनी घागरी खाली ठेवल्या. "चुकलो वं मी! घरी ये! जावयाले घेऊन ये!"

खरखर झाली. लाइन गेली असं वाटलं. मग त्या खरखरीतून, बारीक पण नीट, आवाज आला.

"ऐकलं, बाबा. ओरडू नका. पहिल्या वेळीच ऐकलं होतं."

शोभाताई मध्ये आल्या. "तीन मिनिटं झाली. वाढवू?"

"वाढवा," दोन्हीकडून एकदमच आलं.