गळता ठेवलेला नळ

फिटरला सगळे कोरड्या म्हणत. त्याने बसवलेल्या जोडाखाली फडकं ठेवावं आणि वर्षभराने उचलून बघावं, तर ते ठेवलं तसंच निघायचं. हे नाव कोणी पाडलं ते कुणाला आठवत नव्हतं, पण पाडणाऱ्याने ते चेष्टेत पाडलं नव्हतं.

ज्याने कधी पाइपाचा जोड बसवला नाही, त्याला वाटतं की कामाला जोर लागतो. जोर सगळ्यांत शेवटी लागतो. आधी दोन्ही तोंडं घासून साफ करायची. मधला वायसर सरळ बसवायचा. मग समोरासमोरचे बोल्ट थोडे थोडे आवळत जायचं, एका बाजूला घाई केली की दुसरी बाजू तोंड उघडते. कोरड्या हे काम एवढं सावकाश करायचा की बघणाऱ्याला जांभया याव्यात. पण त्याच्या जोडाकडे पुन्हा कोणाला जावं लागत नसे.

त्याला एक खोड होती. थेंब पडताना ऐकू आला की त्याचा हात उठायचा. कोणाच्या घरी गेला, बोलत बसला, मध्येच उठून मोरीत जाऊन नळ आवळून यायचा. बायको म्हणायची, "अहो, लोकांकडे आलोय आपण." तो म्हणायचा, "हो, पण गळत होता."

गावाजवळच्या अणुभट्टीत अपघात झाला तेव्हा तो पन्नाशीला टेकला होता. गाव रिकामं झालं. तो, बायको, मेहुणी आणि मेहुणीचा नवरा असे चौघे दूरच्या शहरात दोन खोल्यांत राहू लागले. मेहुणीचा नवरा, म्हणजे त्याचा साडू, वेल्डर होता. तोंडाने सुटा, हाताने घाईचा. दोघे साडू कंपनीच्या बसने भट्टीवर कामाला जात, कारण भट्टी बंद झाली होती, काम बंद झालं नव्हतं.

बाहेरच्या माणसाला हे कळायला वेळ लागतो. चुलीतलं लाकूड ओढलं की चूल विझते. ही भट्टी बंद केली तरी आतलं इंधन आपल्याआप तापत राहतं, महिनोन् महिने, वर्षानुवर्षं. मुकादम नव्या माणसाला एवढंच सांगायचा, "सुंभ जळलाय, पीळ गेला नाही. पाणी थांबलं की संपलं." म्हणून टेकडीवरच्या टाक्यांतून जाड नळ्या टाकून आत पाणी सोडलं होतं. पाणी आत जायचं. भट्टी खाली कुठेतरी फुटली होती, त्यामुळे कितीही सोडलं तरी पातळी वर चढायची नाही. रात्रंदिवस पाणी जातंय आणि भांडं भरत नाही, याचा कोणी फार विचार करत नसे. केला तर जेवण जायचं नाही.

बस रिकाम्या गावातून जायची. चौकातले दिवे चालू होते. गाडी एकच असली तरी लाल दिव्याला चालक थांबायचा आणि बसमधले सगळे गप्प होऊन आडव्या रस्त्याकडे बघायचे, जणू कोणीतरी ओलांडणार आहे. एका गच्चीवर कपडे वाळत होते. उन्हाने त्यांचे रंग उडाले होते, पण चिमटे घट्ट होते. शाळेच्या मैदानावर झोपाळा हलायचा. वारा असायचा, त्यात नवल नव्हतं. ज्या दिवशी वारा नसे त्या दिवशी साडू मुद्दाम दुसऱ्या खिडकीकडे बसायचा.

"घाबरतोस की काय?" कोरड्या विचारायचा.

"मी कशाला घाबरू? झोपाळ्याने घाबरावं, माझं वजन बघून."

आत जाताना अंगावर पांढरा झगा, दुहेरी हातमोजे, तोंडावर मुखवटा आणि गळ्यात किरण मोजणारं मीटर. मीटर चिरचिरू लागलं की परत फिरायचं. प्रत्येकाला आयुष्यात किती किरणं घेता येतील ते ठरलेलं होतं. वाटा संपला की त्या माणसाला पुन्हा आत जायचं नाही, मग तो कितीही मोठा कारागीर असो. कोरड्याचा वाटा बहुतेक संपत आला होता. उरलेला तो हातचा राखत होता, आणि त्याला कारण होतं.

आत गेलेलं पाणी तळघरातून उपसून, गाळून पुन्हा भट्टीत सोडायचं असा फेरा बांधला जात होता. पाइप बाहेर तयार होत होते, बहुतेक कोरड्याच्याच हाताने. तो फेरा पुरा करणारा शेवटचा जोड आत, भिंतीलगत बसणार होता. मुकादमाने शब्द दिला होता, "तो तू आवळायचास." कोरड्याने दुसरं काही मागितलं नव्हतं. बायको एकदा म्हणाली, "एक जोड आवळायला जगात दुसरा माणूस नाही का?" तो म्हणाला, "असेल. पण तिथे परत कोणाला जाता यायचं नाही. गळला तर गळतच राहील."

थंडी पडली. मुख्य नळीतलं पाणी वाहतं होतं, ते गोठण्याची भीती नव्हती. भीती होती राखीव नळीची. ती भरून तयार ठेवलेली होती आणि उभं पाणी गोठतं. म्हणून तिच्या टोकाशी, यंत्रांच्या दालनात, एक छोटा नळ थोडा उघडा ठेवला होता. बारीक धार पडत राहायची आणि नळीतलं पाणी हलतं राहायचं. इंजिनियर मॅडमनी आत जाणाऱ्या सगळ्यांना बजावलं होतं, "तो नळ गळतोय असं वाटेल. गळू द्या." कोरड्याने मान हलवली होती. त्याला ते पटलंही होतं.

त्या सकाळी दोघे साडू दालनात एक तुटलेला आधार बदलायला गेले. छपराला भगदाड होतं, त्यातून उजेडाचा एक पट्टा खाली पडत होता. त्याच्या पलीकडे काही दिसत नव्हतं. अपघाताच्या दिवशी पळालेल्या कोणाचा तरी कोट खुंटीवर तसाच होता. टेबलावर कप होते, त्यांत चहाचा काळा डाग. मुखवट्यात माणसाला स्वतःचाच श्वास एवढा मोठा ऐकू येतो की शेजारी तिसरं कोणी आहेसं वाटतं. आणि त्या श्वासांच्या मध्ये, अंधारातून, टप टप टप.

काम नीट झालं. परत फिरताना कोरड्याला बरं वाटलं. का ते त्याला कळलं नाही. दालनात एकदम शांत झालं होतं.

"किती शांत आहे," साडू मुखवट्यातून ओरडला, "सासऱ्यांच्या समोर तू बसतोस तसं."

चार-पाच दिवसांनी मुख्य नळीचा पंप कुरकुरू लागला. तो थांबवून राखीव नळी सुरू केली. टेकडीवर पंप चालला, काटा चढला, पण आत थेंब पोचेना. नळी गोठली होती. कुरकुरणारा पंप पुन्हा लावला, तो अर्ध्या ताकदीने धडधडत राहिला. नियंत्रण खोलीतल्या पडद्यावर भट्टीचं तापमान हळूहळू वर सरकू लागलं. कोणी आवाज चढवला नाही. सगळे त्या आकड्याकडे बघत होते आणि तो आकडा कोणाकडे बघत नव्हता.

मुकादम म्हणाला, "नळ उघडा होता तर गोठली कशी? म्हणजे मध्ये कुठेतरी नळी दबली आहे. टेकडीपासून आतपर्यंत सगळी चाचपावी लागणार." त्याने साडूकडे बघितलं. "बाहेरचं बाहेरच्यांना देतो. आतलं तू कर. तुझा वाटा शिल्लक आहे."

"किती वेळ लागेल?" साडूने विचारलं.

"सापडेपर्यंत."

कोरड्या बाकावर बसला होता. त्याने उजवा हात मांडीवर उताणा ठेवला होता आणि त्याच्याकडे बघत होता. त्या दिवशी बाहेर पडताना दालन शांत होतं. आत शिरताना टप टप होतं. मधलं त्याला काहीच आठवेना. नळापाशी गेल्याचं नाही, त्याची मूठ फिरवल्याचं नाही. त्याने डोळे मिटून पुन्हा पुन्हा बघितलं. दालन दिसायचं, कोट दिसायचा, कप दिसायचे, हात दिसायचा नाही. पण तिथे दोनच माणसं होती, आणि साडूने आयुष्यात कधी कोणाचा नळ बंद केला नव्हता.

गप्प बसला असता तर कोणाला कळलं नसतं. साडू चाचपत चाचपत शेवटी नळापाशी पोचला असताच, वाटेत बराचसा वाटा घालवून. आणि कोरड्याचा उरलेला वाटा त्या जोडासाठी राहिला असता.

"नळी कुठे दबलेली नाही," तो म्हणाला. "नळ बंद आहे. मी केलाय."

मॅडमनी मान वर केली. "केलाय म्हणजे? तुम्हाला सांगितलं होतं."

"हो. सांगितलं होतं. हाताने केला, मला आठवत नाही."

साडू हसला नाही, हे विशेष. मॅडमनी कामाचं विचारलं, "गोठलं कुठे असेल?"

"भिंतीच्या भोकापाशी नळीला कोपरा आहे. वारा थेट लागतो तिथे. बाहेरून हात पोचत नाही."

"वाट सांग, मी जातो," साडू म्हणाला.

"तू हातोडा मारशील."

"नाही मारणार."

"मारशील. बर्फ सुटला नाही की मारशील. तो कोपरा फुटला तर नळीच गेली." कोरड्या उठला. "मीच जातो. तू पाणी घेऊन बरोबर ये, लांब उभा राहा."

मुकादम हळूच म्हणाला, "कोरड्या, मग तो जोड—"

"माहीत आहे."

गरम पाण्याचे डबे आणि जुनी फडकी घेऊन दोघे आत गेले. दालन इतकं शांत होतं की आपल्या पावलांचा आवाज दुसऱ्या बाजूने येतोय असं वाटत होतं. नळ मिळाला. त्याची मूठ घट्ट आवळलेली होती, कोरड्याच्याच हाताने, शेवटी अर्धा पीळ जास्त देऊन. तसं तो नेहमी द्यायचा. दुसऱ्या कोणी बंद केला असेल ही एवढीशी आशा होती, तीही गेली.

आधी त्याने नळ पूर्ण उघडला, वितळलेल्या पाण्याला वाट हवी म्हणून. मग कोपऱ्याला फडकी गुंडाळली आणि वरून गरम पाणी सोडायला लागला. भसाभस नाही, बोटभर धारेने. फडकं भिजायचं, वाफ यायची, थंड व्हायचं, पुन्हा सोडायचं. मीटर चिरचिरू लागलं. साडू लांबून ओरडला. कोरड्याने हात वर केला, थांब म्हणून.

पाइपाच्या आत काहीतरी कण्हलं. बर्फ सुटताना असा आवाज होतो, हे त्याला ठाऊक होतं. तरी अंगावर काटा आला, कारण तो आवाज भिंतीच्या पलीकडून, भट्टीकडून आल्यासारखा वाटला. दुसरा डबा. तिसरा. हात भरून आले. कण्हणं थांबलं आणि नळाच्या तोंडातून बर्फाचा एक तुकडा खाली पडला. मग पाणी. आधी थुंकल्यासारखं, मग धार.

त्याने मूठ पाहिजे तेवढी फिरवून धार बारीक केली. मग हात पाठीमागे बांधले आणि तसाच, हात पाठीमागे धरून, दाराकडे चालत आला. साडू नंतर सगळ्यांना ते करून दाखवायचा, पण दाखवताना त्याचा आवाज उतरायचा.

राखीव नळी चालू झाली. पडद्यावरचा आकडा थांबला, मग उतरला. दारावरच्या माणसाने कोरड्याचं मीटर बघितलं आणि आत जायचा पास काढून घेतला.

पुढे तो बाहेरच्या आवारात काम करू लागला. तिथे आतल्या भिंतीसारखी एक लाकडी भिंत उभी केली होती, तिच्यावर तसाच जोड, तशीच अडचणीची जागा. कोरड्या साडूला रोज तिथे उभा करायचा. मुखवटा, दुहेरी हातमोजे, सगळं चढवून.

"समोरचा बोल्ट. शेजारचा नाही, समोरचा."

"अरे, आवळला ना!"

"थोडा आवळ. सोड. पुन्हा वायसर बघ."

"साडूबुवा, लग्नात अंगठी घालायला एवढा वेळ लागला नव्हता मला."

"म्हणून तर मेहुणी अजून बोटात फिरवत बसते. काढ, पुन्हा बसव."

साडू शिव्या द्यायचा आणि पुन्हा बसवायचा. चिडायचा तेव्हा हात घाई करायचे, तेव्हा कोरड्या सगळा जोड सोडवून पहिल्यापासून करायला लावायचा. बायका तक्रार करू लागल्या की दोघे घरीसुद्धा जेवताना वाटीभोवती बोटं समोरासमोर फिरवतात.

थंडी सरल्यावर तो जोड बसला. साडू आत गेला, कोरड्या दाराबाहेर खोक्यावर बसून राहिला. कोणीतरी पाणी दिलं, ते त्याने हातात धरून ठेवलं. साडू बाहेर आला तेव्हा झग्याच्या आत घामाने भिजून चिंब झाला होता.

"कसा झाला?"

साडूला नेहमीसारखं काहीतरी बोलायचं होतं, पण त्याला दम लागला होता. "सावकाश केला," एवढंच तो म्हणाला.

फेरा सुरू झाला. आत गेलेलं पाणी परत येऊ लागलं. आवारातल्या परतीच्या पाइपावर हात ठेवला तर कोमट लागायचा. कोरड्याने एकदाच ठेवला आणि लगेच काढला.

आत बसलेला तो जोड त्याने डोळ्यांनी कधीच बघितला नाही. अजूनही नवी माणसं त्याच्याकडे येतात, त्यांना कोणीतरी नाव सांगितलेलं असतं. विचारतात, तो भिंतीलगतचा जोड कसा आहे, गळत नाही ना? तो हातातलं काम खाली ठेवत नाही.

"साडूला विचारा," म्हणतो. "हात त्याचा लागलाय."