लग्नात ध्रुव दाखवताना

१९ फेब्रुवारी. बरेच महिने इथे काही लिहिलं नाही, माफ करा. आज अचलपूरला गोरज मुहूर्तावर भाचीचं लग्न झालं.

सप्तपदीनंतर गुरुजींनी पश्चिमेकडे बोट दाखवलं. "तो ठळक चमकून राहिला ना, तो ध्रुव. नमस्कार करा."

तो शुक्र होता. भाचीने माझ्याकडे पाहिलं. "मामा, खरं सांग. मले भलत्यालेच नमस्कार नाही करायचा."

मी खरं ते सांगितलं. नवरदेवाचे वडील हसले, "मामाजी, लगन उरकू द्या, शाळा मंग भरवा!" पण गुरुजी स्वतःच उठले. "चला, दाखवा."

मंडपामागच्या अंधारात मी उत्तरेला ध्रुव दाखवला. जावई म्हणाले, "एवढा फिका?"

"तेजात तो मधलाच. पण पृथ्वीचा आस त्याच्याकडे रोखलेला आहे. ती फिरते तसे बाकीचे तारे सरकताना दिसतात, हा मुळीच हलत नाही."

गुरुजींनी मंत्र पुन्हा म्हटला. चारचौघांत बोललो याचं वाईट वाटत नाही. अमरावतीच्या बसमध्ये मात्र माझंच वाक्य खटकलं. आस अगदी नेमका ध्रुवावर नाही.

उद्याचं काम: भाचीला फोन करून सांगायचं, ध्रुवसुद्धा किंचित फिरतो.