समासातली नावं

२००४ साली अमेरिकेतल्या ईडन प्रेरी गावच्या लायब्ररीत काउंटरवर एक कझाक बाई असायच्या. काम नसलं की आपल्या भाषेतल्या जुन्या कादंबऱ्या वाचायच्या. प्रत्येक शब्द तोलून, अगदी हळू बोलायच्या.

एकदा मला म्हणाल्या, "आमच्या गोष्टींत लग्नासाठी पळवून आणलेल्या मुलीला पुष्कळदा नावच नसतं. अमक्याची बायको, तमक्याची सून. म्हणून मीच समासात पेन्सिलीनं नाव लिहिते."

"कुणाचं?"

"इथे येणाऱ्या बायकांचं."

त्यांनी पुस्तक माझ्याकडे वळवलं. समासात इंग्रजी अक्षरांत 'चिंगी' लिहिलं होतं. मला चिंगी फक्त आई म्हणायची. अमेरिकेत ते नाव मी कुणालाच सांगितलं नव्हतं.

मी विचारलं, "ही मुलगी पुढे माहेरी जाते?"

त्या पुस्तक मिटून म्हणाल्या, "यातली कुणीच जात नाही."