बलाढ्य मित्राशी कसं वागावं?

रद्दीवाला वर्षातून एकदा येतो आणि आमच्या विभागातली जुनी टिपणं, जुन्या प्रश्नपत्रिका पोत्यात भरून घेऊन जातो. किस्से मात्र तो नेत नाही. ते डोक्यातच साठत राहतात, आणि चार ओळखीची माणसं जमून चहा आला की आपोआप बाहेर पडतात. आज तुम्ही भेटलाच आहात, तर काही सांगून टाकते. तेवढीच जागा होईल.

मी मूळची माकणीची. धाराशिवच्या एका कॉलेजात राज्यशास्त्र शिकवते. विभागात आम्ही दोघंच, मी आणि विभागप्रमुख शेख सर. सर तेरहून रोज एसटीनं येतात. आवाज बारीक, चष्मा जाड, आणि हसू आलं की फक्त मिशी हलते. तिसऱ्या वर्षाला आमच्याकडं एक धडा आहे, दुबळ्या राष्ट्राचं बलाढ्य मित्राबद्दलचं परराष्ट्र धोरण. म्हणजे असा मित्र, ज्याच्यावाचून चालत नाही आणि ज्याच्या शेजारी निवांत बसताही येत नाही. माझे निम्मे किस्से या एका धड्यानं दिलेत.

*

दोन-तीन वर्षांपूर्वी हा धडा शिकवत होते. फळ्यावर नेपाळ, भूतान, मंगोलिया, फिनलंड असे सगळे काढले. अवलंबित्व, स्वायत्तता, सत्तासंतुलन असे जड जड शब्द टाकत गेले. ऊन तापलेलं, पंखा कुरकुरतोय, मागचा बाक डुलक्या घेतोय.

शेवटी विचारलं, "मोठ्या मित्राची मदत तर हवी, पण त्याच्या मुठीत जायचं नाही. मग छोट्या देशानं काय करावं?"

तिसऱ्या बाकावरची सुवर्णा उभी राहिली. ही ढोकीजवळच्या एका वस्तीवरची पोरगी. घरी ऊस, वडील त्यांच्या थोरल्या भावाच्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर.

"मॅडम, कारखान्याशी बिघडवायचं न्हाय," ती म्हणाली. "पण सगळा ऊस त्यालाच घालायचा न्हाय."

"मग उरलेला कुठं?"

"थोडा गुऱ्हाळाला घालायचा. लई न्हाय, थोडाच. आपल्याला दुसरं दार हाय, येवढं कारखान्याला कळलं की बास."

मी खडू खाली ठेवला. स्टाफरूममध्ये येऊन शेख सरांना सांगितलं. ते चष्मा पुसत म्हणाले, "इतकी वर्षं मी जे पुस्तकातनं काढतोय, ते या पोरीनं एका ट्रॉलीत भरून आणलं."

*

त्याच वर्षीच्या उत्तरपत्रिका. प्रश्न दहा गुणांचा होता, 'बलाढ्य मित्रराष्ट्राशी दुबळ्या राष्ट्राने कसे वागावे?' कुणी चार पानं लिहिली, कुणी सहा. एका पठ्ठ्यानं एकच शब्द लिहिला होता.

'जपून.'

मी शून्य दिलं आणि पेपर सरांकडं सरकवला. सरांनी तो बराच वेळ न्याहाळला.

"मॅडम, उत्तर चूक आहे का?"

"चूक नाही सर. पण दहा गुणांचा प्रश्न आहे."

"मग दोन द्या. एक उत्तराचा, एक पूर्णविरामाचा. काय ठाम दिलाय बघा."

*

धडा डोक्यात बसावा म्हणून वर्गात वाटाघाटी घ्यायचं ठरवलं. मी फळ्यावर नकाशा काढला. दोन मोठे देश आणि त्यांच्यामध्ये चिमटीत सापडलेला एक छोटा देश. डावीकडचा मोठा देश छोट्याचा मित्र. त्याचं सैन्य छोट्या देशाच्या रक्षणासाठी पार उजवीकडच्या सीमेवर बसलेलं.

मोठ्या देशाचा प्रतिनिधी झाला विक्रम. एनसीसीतला गडी, सहा फूट उंच, बोलला की खिडक्या हलाव्यात असा आवाज. छोट्या देशाकडून सुवर्णा. ती बाकावर बसली तर पाय जमिनीला टेकत नव्हते.

विक्रमनं पहिल्याच वाक्याला टेबलावर हात आपटला. "इथून पुढं कुणाशी मैत्री करायची, ते आम्हाला विचारून ठरवायचं. नाही तर सैन्य आजच्या आज काढून घेऊ. मग तो पलीकडचा तुम्हाला गिळेल."

सगळे सुवर्णाकडं बघायला लागले. ती फळ्याकडं बघत होती.

"काढून घ्या की," ती म्हणाली. "पण तुमचं सैन्य आमच्या पलीकडल्या कडंला बसलंय. घरी जायची वाट आमच्यातनंच हाय. त्या वाटंच्या परवानगीचा अर्ज आणलाय का?"

विक्रम उठला, फळ्याजवळ गेला, बोटानं वाट शोधली. मग माझ्याकडं वळला. "मॅडम, हे चालतं का?"

"नकाशा मी काढला," मी म्हणाले. "वाट तिनं बघितली."

आणि मग, खरं सांगते, तो पडेल आवाजात म्हणाला, "अर्ज कुणाच्या नावानं करायचा?"

वर्ग लोळायचा बाकी राहिला. पण मला आवडलं ते पुढचं. सुवर्णानं त्याला तसंच हात हलवत जाऊ दिलं नाही. दोन्ही देशांचं निवेदन लिहायची वेळ आली तेव्हा तिनं त्याच्या देशाचं नाव आधी लिहू दिलं, सहीसुद्धा आधी त्याची घेतली. विक्रम खूश. पुढं तिच्या अटी होत्या, त्या त्यानं वाचल्याच नाहीत.

तासानंतर मी विचारलं, "त्याचं नाव आधी का घातलंस गं?"

"मोठ्याला मान द्यावा, मॅडम," ती म्हणाली. "मान दिला की ते मान हालवतंय."

*

आता हा आमच्या विभागाचा. आमच्या खोलीला लागून रसायनशास्त्राचा विभाग आहे. त्यांच्याकडं माणसं जास्त, सामान जास्त, आणि मुख्य म्हणजे इन्व्हर्टर. लाइट गेली की आमचा पंखा त्यांच्या इन्व्हर्टरवर चालतो. एक वायर भिंतीतून इकडं आलीय, शेख सरांच्या आणि तिकडच्या कुलकर्णी मॅडमच्या जुन्या स्नेहातून.

एक दिवस मॅडमना बाटल्या ठेवायला जागा कमी पडली. त्या आल्या, आमची खोली नजरेनं मोजली आणि म्हणाल्या, "शेख सर, तुम्ही दोघंच तर आहात. निम्मी खोली आम्हाला द्या."

मी वर पंख्याकडं बघितलं. नाही म्हणावं तर वारा बंद.

सर लगेच उठले. "घ्या की मॅडम. तुमचीच आहे. ही खिडकीकडची बाजू घ्या, उजेड चांगला."

मॅडम खिडकीकडं गेल्या. तिथं छताला टेकतील असे जुन्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे होते.

"हे तेवढे हलवावे लागतील," सर म्हणाले. "विद्यापीठाच्या पत्राशिवाय मला हात लावता येत नाही. तुम्ही पत्र मागवा. आलं की मी स्वतः उचलतो."

मॅडमनी एकदा गठ्ठ्यांकडं बघितलं, एकदा सरांकडं. त्यांनाही विद्यापीठ माहीत होतं. ईदला सरांच्या घरचा शीरखुर्मा डबा भरून त्यांच्याकडं गेला, आणि होळीला त्याच डब्यातून पुरणपोळ्या आल्या. डबा देताना मॅडम म्हणाल्या, "सर, खोली मी सोडलेली नाही बरं का."

"सोडू नका," सर म्हणाले. "तुमचं लक्ष असलं की आम्हाला आधार वाटतो."

पंखा अजून चालू आहे.

*

पुढं एकदा आमच्याकडं पाहुणे आले. परराष्ट्र सेवेतून निवृत्त झालेले मोठे अधिकारी, कुठल्याशा लग्नासाठी या भागात आले होते. प्राचार्यांनी त्यांना गाठून व्याख्यान ठरवलं. सभागृह भरलं. पाहुणे फार छान बोलले. छोट्या देशांच्या राजदूतांनी मोठ्यांच्या राजधानीत कसे दिवस काढले, ते सांगितलं. शेवटी म्हणाले, "लहान राष्ट्रानं बलाढ्य मित्राला कधीही तोंडावर 'नाही' म्हणू नये."

प्रश्नोत्तरं सुरू झाली आणि सुवर्णा उभी राहिली. "सर, पण 'नाही'च सांगायचं असलं तर?"

पाहुणे खुलले. "तर म्हणायचं, 'आपला प्रस्ताव अत्यंत महत्त्वाचा आहे. विचार करून कळवतो.' आणि मग कळवायचं नाही."

"आमच्याकडं 'बघू की' म्हणत्यात," सुवर्णा म्हणाली. "आन् बघत न्हायत."

सभागृह हसलं, पाहुणेही हसले. मग आभार मानायला प्राचार्य उठले. भारावलेले होते. माइक हातात धरूनच त्यांनी पाहुण्यांना विनंती केली, "साहेब, आमच्या वार्षिक स्नेहसंमेलनाला प्रमुख पाहुणे म्हणून आपणच यावं, अशी सगळ्यांची इच्छा आहे."

पाहुण्यांनी हात जोडले. "आपला प्रस्ताव अत्यंत महत्त्वाचा आहे," ते म्हणाले. "विचार करून कळवतो."

*

आता शेवटचा. सुवर्णाला एम.ए.साठी दिल्लीच्या विद्यापीठात प्रवेश मिळाला. आमच्या विभागातून दिल्लीला जाणारी ती पहिलीच. आम्हाला कोण आनंद. पण चार दिवस पोरगी कॉलेजात दिसेना. फोन केला तर म्हणाली, "अण्णा न्हाय म्हणत्यात."

अण्णा म्हणजे तिचे थोरले चुलते. ट्रॅक्टर त्यांचा, बोअर त्यांची, घरातला शब्दही त्यांचा. माणूस वाईट नव्हे. पहिल्या वर्षी वस्तीवरून एसटी मिळत नव्हती तेव्हा हेच तिला रोज मोटरसायकलवर स्टँडपर्यंत सोडायचे. पण एकदा नाही म्हणाले की तिचे वडील मान खाली घालून बसायचे. सगळं घर त्यांच्याच आधारावर उभं.

शेख सर आणि मी वस्तीवर गेलो. एसटीत सरांनी सगळे मुद्दे मनात घोळवले, शिक्षण, संधी, वसतिगृहाची सोय. ओसरीवर अण्णा बसलेले, शेजारी तिचे वडील. चहा झाला.

"सर, तुमी आलाव, बरं वाटलं," अण्णा म्हणाले. "पोरगी हुशार हाय, मला का कळत न्हाय? पर दिल्ली लई लांब. इथंच कुठंतरी शिकू द्या."

सर बोलायला लागणार, एवढ्यात सुवर्णा आतून आली. हातात एक कागद आणि पेन. अण्णांसमोर खाली बसली.

"अण्णा, तुम्ही म्हणाल तसं," ती म्हणाली. "फक्त या फॉर्मवर सही पाहिजे. बाबांची नको. घरात मोठे तुम्ही, म्हणून तुमचंच नाव घातलंय."

अण्णांनी चष्मा लावला. मी वाकून बघितलं. वर ठळक अक्षरात त्यांचं पूर्ण नाव, आधी 'श्री.' लावून. खाली दोन ओळी. एक, 'दिल्लीस शिकण्यास माझी परवानगी आहे.' दुसरी, 'परवानगी नाही, कारण', आणि पुढं मोकळी जागा.

सर माझ्या कानाशी पुटपुटले, "मॅडम, असा फॉर्म कुठल्याच विद्यापीठाचा नाही."

अण्णांनी पेन दुसऱ्या ओळीवर नेलं. तिथंच थांबलं. आम्ही दोघं समोर, तिचे वडील बाजूला, दारात तिची आई आणि चुलती.

"कारण काय लिहू?" अण्णांनी विचारलं.

"जे असंल ते लिहा."

"लांब हाय, असं लिहितो."

"लिहा की," सुवर्णा म्हणाली. "आन् तुम्ही जुना हार्वेस्टर बघायला पंजाबला गेलता, ते पण खाली लिहा. म्हणजे त्यांना अंतर कळंल."

दारातली चुलती पदर तोंडाला लावून आत पळाली. अण्णा मात्र हसले नाहीत. त्यांनी कागद गुडघ्यावर ठेवून हातानं सपाट केला. मग पेन वरच्या ओळीवर नेलं आणि एकेक अक्षर कोरत सही केली.

सुवर्णानं पाया पडून कागद घेतला. तिचे वडील उठून गोठ्यात गेले, उगाचच.

अण्णांनी चष्मा काढला. सरांकडं वळून विचारलं, "सर, ही तिकडं दिल्लीत काय शिकनार हाय?"

"परराष्ट्र धोरण," सर म्हणाले. "म्हणजे दुबळ्यानं बलाढ्याशी कसं वागावं, वगैरे."

अण्णांनी सुवर्णाकडं बघितलं, मग आमच्याकडं.

"अजून शिकायचं ऱ्हायलंय व्हय?"