शॉकरमधलं तेल

आमचे यजमान मूल गावाजवळच्या जंगलात एका लाकडाच्या डेपोवर कारकून होते. चंद्रपूरला तेव्हा चांदा म्हणत, आणि डेपोवरून चांद्याच्या दवाखान्यात बंडीनं जायचं तर अख्खा दिवस आणि वर रात्रीचा मुक्काम. पहिलं मूल माझं त्यातच गेलं. बैल जुंपेपर्यंत सगळं आटोपलं होतं. म्हणून दुसऱ्या खेपेला डॉक्टरांनी बजावून ठेवलं होतं की आठवा लागला की चांद्यालाच येऊन राहा, आणि येताना धक्के बसू देऊ नका. सांगणाऱ्याने आमचा रस्ता पाहिला नव्हता.

डेपोच्या मालकाची एक जुनी फटफटी ह्यांच्या ताब्यात होती. माझ्यापेक्षा तिचे लाड जास्त, असं मी कुणालाही ऐकवायची. पण तिच्या मागच्या चाकाचा, धक्के झेलणारा डावा शॉकर फुटला होता. खड्ड्यात चाक गेलं की पाठीचा कणा टाळूपर्यंत हादरायचा. ह्यांनी नागपूरच्या जुन्या बाजारातून दुसरा मागवला. तो आला पौषात, मला आठवा लागता लागता, आणि आतून कोरडा ठणठणीत.

अंगणात पोतं अंथरून हे बसले. जुना शॉकर काढला, नव्याच्या दोन्ही टोकांना टायरच्या रबराच्या चकत्या कापून घातल्या, बोल्ट आवळले. दोन्ही बाजूंनी तेल सारखं हवं म्हणून उजव्यातलंही ओतून टाकलं. त्यात जे पातळ तेल लागतं ते आमच्याकडे कुठून असणार? इंजिनचं जाड तेल घालून पाहिलं, तर गाडी लाकडासारखी ताठ. पुन्हा खोललं. मी दुपारची आडवी झाले होते, तेवढ्यात ह्यांनी दुसरंच काही भरलं. कुठलं ते मी विचारलं नाही आणि ह्यांनी सांगितलं नाही.

"बस मांगं," हे म्हणाले. पाण्यानं भरलेला गडवा माझ्या हातात दिला. सागाच्या मुळांवरून, ओंडक्यांच्या सालींवरून डेपोला फेरी मारली. मागची सीट अशी हळू दबायची आणि हळू वर यायची की गडव्यातलं पाणी नुसतं डुचमळलं, सांडलं नाही. शेजारची म्हातारी म्हणत होती, "बंडीनंच जाय बाई, खाली मऊ तनस टाकून." ह्यांनी तिला गडवा दाखवला. मला फार बरं वाटलं त्या दिवशी. हा माणूस माझ्या पोटातल्या जिवासाठी दिवसभर तेलात हात घालून बसला, हे मला दिसत होतं.

दवाखाना दुपारी बंद व्हायचा, म्हणून दुसऱ्या दिवशी उजाडताच निघालो. थंडी अशी की बोलताना दात वाजत. पहिल्याच नाल्यात धक्का बसला तो थेट पोटात. मला वाटलं, खड्डा मोठा असेल. पण पुढे प्रत्येक दगड तसाच लागायला लागला. कालची गाडी ही नव्हेच. हे सावकाश चालवत होते, तरी काही फरक पडेना. मी पोटाखाली हात धरून बसले. थोड्या वेळानं कंबरेत कळ आली आणि मी थांबवायला सांगितलं.

उतरले तेव्हा शॉकरच्या तोंडाशी पांढरं काही साचलेलं दिसलं. बोट लावलं. तुपासारखं रवाळ, आणि वास माझ्या फोडणीचा.

"हे काय टाकलं तुम्ही?"

"टोरीचं तेल. घरातल्या डब्यातलं."

मोहाच्या बियांचं तेल. हिवाळ्यात रात्रभरात ते डब्यात गोठून दगड होतं.

"थंडीत गोठते थे. रोज सकाळी चुलीजवळ ठेवा लागते मले."

"मले का माहीत?"

"विचारलं असतं त सांगितलं असतं."

ह्यांना खरंच माहीत नव्हतं. इतकी वर्षं संसार झाला, पण सकाळी चुलीपाशी हे कधी आले नव्हते. ताटात पडायचं ते वितळलेलंच. मला इतका राग आला की त्या रागात कळही क्षणभर विसरले. हे म्हणाले, ऊन येईपर्यंत थांबू, तेल सुटेल. तेवढ्यात दुसरी कळ आली आणि लुगडं ओलं झालं. थांबायला आता वेळ नव्हता.

ऊन चढलं. दबून दबून शॉकरही गरम झाले असतील. चांद्याच्या वेशीतून आत शिरलो तेव्हा गाडी पुन्हा कालच्यासारखी मऊ चालत होती.

मुलगी होती. डोक्यावर दाट केस होते. रडली नाही. धक्क्यांनीच झालं असं काही सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. मला सांगता येत होतं.

काही दिवसांनी भर दुपारी आम्ही परत निघालो. ऊन चांगलं तापलं होतं, त्यामुळे सीट हळू दबत होती, हळू वर येत होती. हे एकेक खड्डा चुकवत, एकेका दगडाला वळसा घालत गाडी काढत होते, जाताना काढली होती तशीच.

"आता कायले सांभाळून राह्यले?" मी म्हटलं. "चालवा सरळ."

पुढचा खड्डाही ह्यांनी चुकवला.