बाराबोअरचा व्हिसा

"मॅम जी, पिस्टल होती तो बात खत्म थी. लेकिन लंबी बंदूक है ना? वो जाएगी!"

एजंटाच्या तोंडून हे बाहेर पडलं आणि सेक्टर चौतीसच्या त्या गारेगार ऑफिसात मी खुर्चीतून चक्क उभी राहिले. शेजारी इंग्रजीच्या परीक्षेची काळजी करत बसलेल्या दोन मुली दचकल्या. नवऱ्यानं माझी ओढणी ओढली. "अगं बस, लोक बघतायत." बघू देत की! चंदीगडातनं कॅनडाला जाणाऱ्यांची काय कमी आहे? पण वडलांची बाराबोअर बरोबर नेणारी बाई त्या एजंटानं पाहिली नव्हती. त्याला लोक विचारतात, लोणचं न्यायचं का, तूप न्यायचं का, सासूला कधी बोलावता येईल. पहिल्यांदा मी बंदुकीचं काढलं तेव्हा तो नवऱ्याकडे वळून म्हणाला होता, "सर, लाइसेंस लाए हैं आप?" आमचे हे बँकेत. यांना स्टेपलरची भीती वाटते. मी माझं लायसन्स टेबलावर आपटलं. फोटो माझा, नाव माझं. घे, बघ!

मी मूळची कोल्हापूरकडची. सेक्टर बत्तीसच्या सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून निवड झाली, म्हणून इकडं आले, आणि यांनी माझ्यामागं बदली मागून घेतली. आता कॅनडातल्या एका हॉस्पिटलानं मला घेतलं होतं. व्हिसे आले होते, बॅगा अर्ध्या भरल्या होत्या. घरात सगळ्यांना थंडीच्या कोटांची काळजी, आणि मला एकच: आबांच्या बंदुकीचं काय?

ही बंदूक म्हणजे दुनळी, दोन नळ्यांची, शेतीच्या राखणीसाठी आबांनी घेतलेली. उसात रानडुकरं शिरली की आबा मला हाक मारायचे. दादा, माझा थोरला भाऊ, घोरत पडलेला असायचा. मी बॅटरी धरायची, आबा हवेत बार काढायचे. पुढं बॅटरी त्यांच्या हातात आणि बंदूक माझ्या. खांद्याला असा दणका बसायचा की दुसऱ्या दिवशी वेणी घालताना हात वर होत नसे. पण मजा! डुकरं पळाली की आबा म्हणायचे, "बास. उगाच वाजवायची नाही. ती काय ढोल हाय व्हय?"

आबा गेले. आमच्याकडं पुढं काय होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. बहिणीनं हक्कसोड लिहून द्यायची, जमीन भावाची, आणि माहेर उघडं ठेवायचं. मीही सही केली. पण पेन हातात घेण्याआधी म्हणाले, "दादा, जमीन तुझी. बंदूक माझी. तुझी हरकत नाही असं तूही लिहून दे." दादा हसला. बायकांना बंदूक कशाला, म्हणाला. पण सही केली त्यानं. अशी ती माझ्या नावावर झाली आणि माझ्यासंगं चंदीगडला आली.

आणि आता मी देश सोडतेय म्हटल्यावर दादाला तिची आठवण झाली. त्याच्या पोराचं लग्न ठरलंय. फोनवर म्हणाला, "सरकार तुला ती थोडीच नेऊ देतंय! माझ्याकडं पाठव. वरातीत दोन बार काढतो, सगळ्या गावाला कळू दे." वरातीत! नाचणाऱ्या गर्दीत, प्यालेल्या माणसांच्या हातात आबांची बंदूक! माझं डोकंच फिरलं. मी फोन आपटला आणि दुसऱ्याच दिवशी एजंटाकडं गेले.

एजंट पोरगा हुशार निघाला. चार ठिकाणी विचारून त्यानं सगळं काढलं. तिथं उतरल्यावर कस्टमवाल्याला आपणहून सांगायचं. त्याच्यासमोर फॉर्मवर सही करायची, फी भरायची. तो कागद म्हणजे थोड्या दिवसांचं लायसन्स. मग तिथला सुरक्षेचा कोर्स करायचा, परीक्षा द्यायची आणि पक्कं लायसन्स काढायचं. विमानात बंदूक रिकामी, कुलूपबंद पेटीत, खालच्या सामानात. कंपनीला आधी कळवायचं. काडतुसं न्यायचीच नाहीत. आणि इथलं शेवटचं काम. लायसन्स शाखेत बंदूक दाखवून शेरा घ्यायचा, की लायसन्स ह्याच बंदुकीचं आहे. त्याशिवाय पुढं कुणी हात लावणार नाही.

एवढंच? मला तर लॉटरी लागल्यागत झालं. घरी येताना मी यांना चौकातल्या रेहडीवर, म्हणजे हातगाडीवर, दोन प्लेट टिक्की खाऊ घातली, वर कुल्फी. यांचं आपलं एकच, "अगं, अजून शेरा मिळायचाय."

"तोंडात साखर ठेवा की जरा! मिळणार म्हणजे मिळणार."

लायसन्स शाखेत गेलो तेव्हा मी नवा सूट घातला होता. लेकीला शाळेला सुट्टी होती, तीही आली. अकरा वर्षांची आहे. मराठी सगळं कळतं, पण उत्तर देणार हिंदीत. मी कितीही ओरडले तरी काही फरक पडत नाही. गाडीत तिनं विचारलं, "मम्मी, नहीं मिला तो?" मी म्हटलं, अभद्र बोलू नकोस. पण पेटीचं कुलूप परत एकदा ओढून बघितलं.

टेबलामागं एक वयस्क सरदारजी अधिकारी होते. पगडी चापून बांधलेली, बोलणं मऊ. त्यांनी पेटी उघडायला लावली, नळ्या रिकाम्या असल्याची खात्री केली, लाकडी दस्त्यावरनं हात फिरवला आणि म्हणाले, "बड़ी सोहणी रखी है, जी." मी फुलले! मग त्यांनी चष्मा चढवला, टॉर्च लावला आणि नळी जिथं दस्त्याला मिळते तिथला कोरलेला नंबर वाचू लागले. वाचला. लायसन्स बघितलं. परत वाचला.

"मॅडम, लाइसेंस पे आखिर में आठ है. यहाँ तीन है."

मला काही कळेना. "कसला तीन? आठच आहे तो! आप ठीक से देखिए!"

"तीन है, जी. ये बंदूक इस लाइसेंस की नहीं है."

म्हणजे मी चोरीची बंदूक घेऊन हिंडतेय? माझा आवाज एवढा चढला की शेजारच्या टेबलावरचे लोक चहा प्यायचे थांबले. हे मागून माझा हात धरतायत, लेक टकामका बघतेय. मी वाकून बघितलं. आणि खरंच की हो, तीन! डोळ्यांपुढं दादाची वरात उभी राहिली. ढोल, गुलाल आणि वर रोखलेल्या दोन नळ्या.

परत वाकले. इंग्रजी आठाची डावी बाजू नव्हती असं नाही, ती भरली होती. काळपट तांबड्या रंगाचं काहीतरी घट्ट बसलं होतं तिथं. आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. अगं बाई! कुंकू!

दर खंडेनवमीला मी बंदुकीची पूजा करते. आबा ज्या जागेवर अंगठ्यानं हळदकुंकू लावायचे त्याच जागेवर मी लावते. आबा दसरा झाला की स्वच्छ पुसायचे. मला मात्र देवाचं कुंकू पुसवत नव्हतं. मी त्याच्यावरनंच तेलाचा बोळा फिरवायची. इथं आल्यापासनं दरसाल तेच. कुंकू, तेल, वर धूळ, वर परत कुंकू. दगडागत झालेलं! मी पर्समधली पिन काढली आणि नंबराकडं नेली.

"ना जी, ना!" सरदारजी ताडकन उठले. "नंबर को हाथ मत लगाना! नंबर खुरचना जुर्म है, मॅडम. फिर मैं कुछ नहीं कर सकता."

पिन माझ्या हातातच राहिली. खरवडायचं नाही, आणि खरवडल्याशिवाय दिसायचं नाही. यांनी हळूच म्हटलं, "चल घरी जाऊ." मी म्हटलं, "अहो, मी नर्स आहे!" वाळलेलं रक्त चिकटलेल्या जखमा मी रोज सोडवते, आणि कधी पिन लावत नाही. मी सरदारजींना हात जोडले. "सर, आपके सामने. सिर्फ रुई और स्पिरिट. आप टॉर्च पकड़िए."

 त्यांनी खरोखर टॉर्च धरला.

दवाखान्यातल्या बाईच्या पर्समध्ये स्पिरिटच्या पट्ट्या असतातच. एक फाडून नंबरावर ठेवली आणि नुसती दाबून धरली. भिजू दिलं. उचलली तर पट्टी लालभडक! सरदारजी मागं सरकले. "ये... खून है?"

"खून नाही हो, कुंकू! पूजा का! दशहरे से एक दिन पहले हमारे यहाँ हथियारों की पूजा होती है. दर साल लगाती हूँ, पोंछा कभी नहीं!"

त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण बघता बघता उतरला. "ओ जी, पहले बताना था! शस्त्रों का मान तो हमारे यहाँ भी होता है." आणि लेकीकडं बघून म्हणाले, "पुत्तर, तू भी देख."

मी पट्ट्यांमागून पट्ट्या लावल्या. लाल, मग गुलाबी, मग पांढऱ्या. लेक टेबलावर नाक टेकवून बघत होती. तिलाच आधी दिसलं. "आठ! मम्मी, आठ!" सरदारजींनी चष्मा पुसून बघितलं, लायसन्सशी मेळ घातला आणि हसले. "पक्का आठ." शिक्का बसला तेव्हा मी त्या ऑफिसात ओरडलेच, "नाद खुळा!" कुणाला कळलं नाही, पण सगळे हसले. निघताना सरदारजी म्हणाले, "मॅडम, पूजा ज़रूर करना. नंबर छोड़ के."

चार दिवसांनी खंडेनवमी आली, चंदीगडातली आमची शेवटची. बॅगांच्या ढिगात जागा करून मी पाट मांडला. त्यावर बंदूक, शेजारी माझा स्टेथोस्कोप, यांचा कॅल्क्युलेटर, लेकीचा कंपास. झेंडूची फुलं सेक्टर सव्वीसच्या मंडीतनं आणली होती. निरांजन लावतेय तेवढ्यात दादाचा फोन. हात तेलकट, म्हणून स्पीकरवर टाकला.

"मग? कधी पाठवतीस बंदूक?"

"नाही पाठवत! परवानगी मिळाली, दादा! शिक्क्यासकट! वरातीला तू आपला ढोल लाव!"

आनंदानं माझा आवाज फाटला होता.  दादा सावकाश म्हणाला, "ने बाई, ने. पण तुझ्यामागं काय? तुला कुठं पोरगा हाय? शेवटी आमच्याच घरात येणार ती."

मी निरांजन खाली ठेवलं.  राग आला, रडू आलं, दोन्ही एकदम आलं. जमीन दिली, सही दिली, तरी ह्याचं आहेच! यांनी फोन बंद करायला हात पुढं केला.

लेक पाटासमोर बसली होती. मामाचं बोलणं तिला शब्द न् शब्द कळलं होतं. तिनं अंगठा कुंकवात बुडवला, नंबरापासनं चांगला लांब, लाकडी दस्त्यावर टेकवला आणि वाकून बघितलं.

"नंबर छोड़ के लगाया है, मम्मी," ती म्हणाली. "बाद में मुझे भी तो दिखाना पड़ेगा ना, किसी अफसर को."

मी यांचा हात बाजूला सारला आणि फोन उचलून तोंडाशी धरला. "दादा, ऐकलंस?"